पहारेकरी जागा झाल्याचं सांगायचं राहिलं

या, असे जवळ सरका. मागे बसलात तर ऐकू येईल, पण आत उतरणार नाही. गोष्ट एका सासऱ्याची आणि त्याच्या सुनेची आहे. थांबा, लगेच कान टवकारू नका, यात भांडण नाही. भांडण असतं तर बरं झालं असतं. भांडणात माणसं मनातलं ओकून तरी टाकतात. इथे दोघांचा एकमेकांवर जीव होता, आणि जे बिघडलं ते त्या जिवापायीच बिघडलं. मधे होतं एक सॉफ्टवेअर. हसू नका हो. माणसाची परीक्षा बघायला देवाला दरवेळी रणांगणच लागतं असं नाही. एक थंडगार खोली आणि चार मशीनंही पुरतात.

तर रक्त तपासणारी एक मोठी प्रयोगशाळा होती. तिच्या तळघरात एक बंद खोली, आणि खोलीत काळ्या कपाटांतून लावलेले सर्व्हर. कुणी रुग्णांची नावं सांभाळायचा, कुणी तपासणीच्या यंत्रांकडून आकडे उतरवून घ्यायचा, कुणी अहवाल डॉक्टरांकडे धाडायचा. या सगळ्यांची देखभाल सासऱ्यांकडे. घरी सून त्यांना बाबा म्हणायची, म्हणून ऑफिसातही सगळे बाबाच म्हणायला लागले. बारा महिने अंगात स्वेटर, चष्मा कपाळावर, आणि कुठलाही हुकूम देताना "सांभाळ रे देवा" म्हटल्याशिवाय एंटरची कळ दाबायची नाही. नवी पोरं चेष्टा करायची, "बाबा, देवाचा पासवर्ड काय?" बाबा म्हणायचे, "सापडला असता तर तुमच्यात कशाला बसलो असतो?"

प्रत्येक सर्व्हरला त्यांनी नाव ठेवलं होतं. थोरली, धाकटी, पोस्टमन आणि अशीच बाकीची. एक होती मावशी. मावशीला जोडलेलं रक्ततपासणीचं यंत्र सगळ्यांत जुनं. इतर यंत्रं विचारल्याबरोबर उत्तर देत. हे आधी घसा खाकरणार, मग आठवणार, मग बोलणार. यंत्राकडून अर्ध्या मिनिटात उत्तर आलं नाही तर नाद सोडून द्यायचा, अशी सगळ्या सर्व्हरना शिकवण. मावशीपुरतं बाबांनी ते स्वतःच्या हाताने दोन मिनिटं केलं होतं. का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "म्हाताऱ्या माणसाला बोलायला वेळ द्यावा लागतो, बाबांनो."

सून हुशार. त्याच प्रयोगशाळेत लागली, आणि बघता बघता सगळ्या संगणक विभागाची प्रमुख झाली. म्हणजे बाबांची वरिष्ठ. लोकांना वाटलं, आता म्हाताऱ्याचं तोंड वाकडं होणार. कसलं काय! बाबाच सांगत फिरायचे, "घरी मी तिचा सासरा, ऑफिसात ती माझी सासू. हिशेब चुकता."

एक गोष्ट मात्र तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बाबांचे थोरले भाऊ शेवटी सगळं विसरले होते. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. बाबा त्यांना आंघोळ घालायचे, आणि भाऊ अंग आक्रसून विचारायचे, "साहेब, आपण कोण?" तेव्हापासून बाबांना एकच धास्ती, उद्या आपलंही असंच झालं तर? रोज सकाळी दाढी करताना ते आरशाकडे बघून सगळ्या सर्व्हरची नावं ओळीने म्हणायचे. सासूबाई, म्हणजे बाबांची बायको, हसायच्या, "लोक देवाची नावं घेतात, आमच्याकडे मशीनांची." बाबाही हसायचे, पण ओळ पुरी झाल्याशिवाय वस्तरा खाली ठेवायचे नाहीत.

आता सॉफ्टवेअरचं कसं आलं ते ऐका. एकदा बाहेरून धोका आला, चोरवाटा बुजवायची दुरुस्ती सगळ्या सर्व्हरवर ताबडतोब घालायची होती. बाबांनी एकेकाशी बसून हाताने ती घातली. पोस्टमन तेवढा राहून गेला. नुकसान काही झालं नाही, पण कळल्यावर सगळ्यांच्या पायांखालची जमीन सरकली. प्रयोगशाळेच्या मालकीण, त्यांना सगळे मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणत, त्यांनी सुनेला सांगितलं, "सगळे सर्व्हर जसे असायला हवेत तसेच राहतील असं काहीतरी आण. निवड तुझी."

सुनेने पुष्कळ पारखलं. शेवटी दोन उरली. घरी जेवताना ती त्यांच्याबद्दल इतकं बोलायची की सासूबाईंनी त्यांना नावंच देऊन टाकली. एक निरोप्या, दुसरा पहारेकरी.

निरोप्या कसा, तर तुम्ही पाठवाल तेव्हा जाणार, सांगाल ते प्रत्येक सर्व्हरवर करून येणार, आणि घरी येऊन झोपणार. पहारेकरी कसा, तर त्याला एकदा लिहून द्यायचं की कोणता सर्व्हर कसा असावा. मग तो प्रत्येकाच्या दारात ठाण मांडून बसणार, ठरल्या वेळी फेरी मारणार, आणि लिहून दिल्यापेक्षा काही वेगळं दिसलं की न विचारता मूळ जागी नेऊन ठेवणार.

"मला निरोप्या बरा," बाबा म्हणाले. "न विचारता वस्तू जागेवर ठेवणारं माणूस घरात नको."

सासूबाईंनी पोळी तव्यावर तशीच ठेवली. "मग मी आयुष्यभर या घरात काय केलं?"

"तेच म्हणतोय ना. चष्मा सापडत नाही माझा."

"कपाळावर आहे."

सून हसून हसून बेजार झाली. नात होती, तिला सगळे ठमी म्हणत, ती म्हणाली, "आजोबा हरले!"

मग सून गंभीर झाली. "बाबा, निरोप्या चांगलाच आहे. पण त्याला पाठवायचं कुणीतरी लक्षात ठेवायला हवं. पोस्टमनचं काय झालं? कुणी पाठवायचं विसरलं, की संपलं."

बाबांनी घास खाली ठेवला. मग म्हणाले, "तुझं बरोबर आहे. विसर माणसाला पडतो. पहारेकरीच घे."

ध्यानात ठेवा, निवड चुकली नव्हती. आजही मी तेच म्हणेन. आणि बाबांनी ती मनापासून मान्य केली होती. मागणं त्यांचं एकच होतं. "माझ्या सर्व्हरवर सुरुवातीला त्याला नुसतं बघू दे. हात लावू देऊ नकोस. कुणाचं काय वेगळं आहे आणि का, ते आपण दोघं बसून त्याला लिहून देऊ. आणि ज्या दिवशी त्याला हात लावायची मोकळीक देशील, त्या दिवशी मला एक शब्द सांग."

"हे काय सांगणं झालं, बाबा? शब्द दिला."

पहारेकरी आला. इतर ठिकाणी कामाला लागला, बाबांच्या सर्व्हरवर नुसता बघत बसला. दिवसा तपासण्या चालतात म्हणून सुनेने त्याची फेरी रात्री ठेवली, दिवसातून एकदाच. कोण कसं आहे ते सुनेच्या खोलीत भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिसायचं. जुळलं की हिरवं, नाही जुळलं की लाल. बाबांचे सर्व्हर लाल. दोघांनी बसून लिहायचं ते आज-उद्या करत राहून गेलं. कधी तिला बैठक, कधी त्यांना मावशीचं यंत्र.

एक दिवस मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उद्या पाहुणे येणार आहेत. आपली नवी व्यवस्था दाखव." सुनेने पडद्याकडे पाहिलं. सगळीकडे हिरवं, आणि एका कोपऱ्यात लाल ठिपके. तिच्या मनात आलं, आज मोकळीक देऊ, संध्याकाळी बाबांना सांगू, आणि पाहुणे गेले की बसून काय ते लिहू. तिने बाबांच्या सर्व्हरवरही पहारेकऱ्याला हात लावायची परवानगी दिली. सकाळी पडदा कसा हिरवागार! पाहुणे खूश, डॉक्टरीणबाई खूश.

परवानगी दिली त्या संध्याकाळी सांगायचंच होतं हो. घरात शिरली तर ठमीला ताप. डोक्यावर घड्या ठेवण्यात ती संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची गडबड. तिसऱ्या दिवशी सांगायचं आहे हेच डोक्यातून गेलं. माणूस असाच विसरतो, यात पाप नाही. पण बघा देवाची लीला. त्या घरात खरं विसरली ती तरणीताठी सून, आणि विसरण्याचं खापर फुटलं ते म्हाताऱ्याच्या माथ्यावर.

कारण पाहुणे यायचे त्याच सकाळी बाबा ऑफिसात पोचतात न पोचतात तोच तपासणी विभागातल्या बाई दारात. त्यांना सगळे रक्तवाल्या बाई म्हणत. "बाबा, तुमच्या मावशीने अबोला धरलाय. यंत्र बोलायच्या आत ही उठून जाते."

बाबांनी पाहिलं. दोन मिनिटांच्या जागी अर्धं मिनिट. "अरेच्चा! हे कोणी केलं?" त्यांनी पुन्हा दोन मिनिटं केलं, सांभाळ रे देवा म्हणून कळ दाबली. दिवसभर मावशी छान चालली. रात्री पहारेकऱ्याने फेरी मारली, वेगळं दिसलं, जागेवर नेऊन ठेवलं. सकाळी पुन्हा रक्तवाल्या बाई.

"काल केलं होतं ना हो, बाबा?"

"केलं होतं... केलंच होतं मी." मग आवाज खाली गेला. "की करायचं म्हणून नुसता बसून उठलो?"

तुम्ही म्हणाल, एवढा जाणता माणूस, त्याला पहारेकऱ्याची शंका कशी आली नाही? आली. पहिल्यांदा तीच आली. पण लगेच त्यांनी ती झटकली. सूनबाईने शब्द दिला होता. तिने मोकळीक दिली असती तर सांगितलं असतं, न सांगता ती करणारच नाही. तिचा शब्द आणि स्वतःची आठवण अशी दोन पारडी समोर आली, आणि बाबांनी सुनेचं पारडं जड धरलं. इतका विश्वास होता तिच्यावर. माझ्या मनाला अजून तेच लागतं.

रोज सकाळी ते ऑफिसात लवकर जायला लागले, तपासण्या सुरू होण्याआधी. मावशी उघडायची, अर्धं मिनिट दिसायचं, पुन्हा दोन मिनिटं करायचं. रक्तवाल्या बाई सोडल्या तर कुणाला पत्ता नाही. दाढी करताना नावांची ओळ आता ते दोनदा म्हणायचे. एकदा घराची किल्ली दाराला लावून तशीच राहिली. तुमच्या-आमच्याकडून राहते तशीच. बाबा किल्लीकडे असे बघत उभे राहिले, जणू थोरला भाऊच दारात आलाय.

शेवटी एकदा चहाच्या वेळी त्यांनी धीर केला. सुनेने नुकती चप्पल काढली होती.

"सूनबाई, तुला असं होतं का गं कधी? एखादी गोष्ट केली असं पक्कं वाटतं, आणि बघावं तर केलेलीच नसते?"

तिला वाटलं, चष्म्याचं काहीतरी असेल. तिने हसून त्यांच्यापुढे बशी सरकवली. "होणारच हो, बाबा, या वयात. इतकं काय मनाला लावून घेता? थोडी विश्रांती घ्या आता."

"हो," बाबा म्हणाले. "तेच म्हणतो मी."

मायेने बोलली ती. कडू बोलली असती तर त्यांनी उलट विचारलं असतं, शहानिशा केली असती. मायेच्या बोलण्याची शहानिशा कोण करतो?

त्यानंतर बाबा हळूहळू एकेक गोष्ट हातातून सोडत गेले. ठमी पाढे म्हणायला आली की म्हणायचे, "आजीला म्हणून दाखव. माझं चुकलं तर तुझंही चुकेल." गाडीची किल्ली मुलाकडे दिली. गॅसजवळ जाणं सोडलं. सासूबाई कुरकुरल्या, "हे काय, पाहुण्यासारखे वागायला लागलात घरात?"

आणि एक दिवस सरळ मोठ्या डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभे राहिले. "बाई, इथे लोकांच्या रक्ताचा प्रश्न आहे. माझ्या हातून कुणाचं काही चुकण्याआधी मला मोकळं करा."

डॉक्टरीणबाईंना वाटलं, वयाचं म्हणतायत. सुनेला वाटलं, माझंच ऐकलं, बरं झालं, आता आराम करतील. निरोपाला सगळे जमले. सुनेनेच भाषण केलं. "नव्याला जागा करून देणं सगळ्यांना जमत नाही," ती म्हणाली, "आमच्या बाबांना जमलं." टाळ्या पडल्या. बाबा स्वेटरचं बटण लावत आणि काढत बसले होते. निघताना ते थंड खोलीत जाऊन आले. आत काय केलं कुणास ठाऊक, पण त्यांच्यामागून लगेच आत गेलेला माणूस म्हणाला, मावशीवर बोटांचे ठसे होते.

पुढच्या सकाळी रक्तवाल्या बाई सुनेच्या टेबलाशी आल्या. "मॅडम, मावशी अडकलीय. ते दोन मिनिटांचं करून देता का?"

"कसलं दोन मिनिटांचं?"

"बाबा रोज सकाळी करायचे ना. ते केलं की दिवसभर चालते."

"रोज?" सून हसली. "रोज कशाला? एकदा केलं की झालं."

"तेच तर! मी पण म्हणायचे. तर बिचारे म्हणायचे, 'बाई, काल करायचं राहिलंच वाटतं माझं. कुणाला सांगू नका हं.' मॅडम, मी नाही हो सांगितलं कुणाला. म्हटलं, चांगल्या माणसाचा कशाला बोभाटा करा?"

सुनेने वळून पाहिलं. मागे भिंतीवर पडदा हिरवागार होता. त्यात मावशीसमोर रोज एक छोटी खूण यायची, 'दुरुस्त केलं' म्हणून. ती खूण तिने पाहिली नव्हती असं नाही. पाहिली होती, आणि मनात म्हटलं होतं, बघा, बाबांच्या सर्व्हरवर रोज काहीतरी बिघडतं आणि हा रोज नीट करतो. किती योग्य निवड केली आपण!

ती तशीच उठली. घरी आली तेव्हा बाबा गॅलरीत मटार सोलत बसले होते. ती त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसली आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं. मोकळीक दिली, ठमीचा ताप, सांगायचं राहिलं, तुम्ही रोज करत होता, तो रोज पुसत होता, तुम्ही काही विसरत नव्हता, बाबा, मी विसरले.

बाबांनी शांतपणे ऐकलं. हातातली शेंग पुरी सोलली. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. "फार गुणाची आहेस गं. म्हाताऱ्याचं मन राखायला इतकं कोण करतं?"

"मन राखत नाहीये मी! खरं सांगतेय!"

"बरं बरं."

ती धावत जाऊन लॅपटॉप घेऊन आली. त्यांच्या समोर मावशी उघडली, दोन मिनिटं केलं, "हे बघा, मी केलं ना?" म्हणाली. पहारेकऱ्याला तिथल्या तिथे फेरी मारायला सांगितलं. आणि दोघांच्या डोळ्यांदेखत दोन मिनिटांचं अर्धं मिनिट झालं. सासूबाई आतून येऊन मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हात मेल्या!"

बाबा गुडघ्यांवर हात ठेवून पडद्याकडे बघत होते. मग म्हणाले, "आज झालं खरं तसं."

"तेव्हाही असंच झालं, बाबा. रोज असंच होत होतं."

"असेलही. पण किल्ली? ती तर पहारेकऱ्याने दाराला लावली नाही ना?"

"किल्ली सगळ्यांचीच राहते, बाबा. माझीही राहते."

"हो." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यात राग असता तरी तिने पदर पसरून घेतला असता. पण राग नव्हता. "तूच म्हणाली होतीस ना. होणारच या वयात."

तिचंच वाक्य होतं ते.

सुनेने त्याच दिवशी मावशीची दोन मिनिटं पहारेकऱ्याला लिहून दिली. त्यानंतर मावशी एकदाही अडकली नाही. यंत्राचं तसं असतं. योग्य ते लिहून दिलं की ते पुन्हा पहिल्यासारखं होतं. बाबांसाठी तिने काय काय केलं! डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी तपासून सांगितलं, स्मरण माझ्यापेक्षा चांगलं आहे. बाबा बाहेर येऊन म्हणाले, "डॉक्टर सज्जन आहेत." डॉक्टरीणबाईंनी परत बोलावलं. हात जोडून नको म्हणाले. पाढे पुन्हा सुरू झाले, पण ठमी म्हणायची आणि ते पुस्तकात बघून मान हलवायचे.

पुढे छातीचा आजार होऊन ते गेले. शेवटच्या दिवसांत सून रजा घेऊन उशाशी बसलेली असायची. एका सकाळी खिडकीतून ऊन आत आलं होतं, आणि बाबांनी डोळे मिटून नावं म्हणायला सुरुवात केली. थोरली, धाकटी, पोस्टमन... एकही सुटलं नाही, एकाचीही जागा चुकली नाही. शेवटी मावशी. मग डोळे उघडून त्यांनी विचारलं, "बरोबर का गं?"

"अगदी बरोबर, बाबा. सगळी आली."

ते तिच्याकडे बघून हसले. आपलं मन राखणाऱ्या माणसाकडे बघून हसतात ना, तसे.

पहारेकरी अजून तिथेच आहे, चोख काम करतो. सून कुठल्याही सर्व्हरवर त्याला मोकळीक देण्याआधी खोलीतल्या प्रत्येक माणसापाशी जाऊन तोंडाने सांगते. नवी पोरं मागून नक्कल करतात, करू देत. माझं तुमच्याकडे फारसं मागणं नाही. हात जोडाल तेव्हा, तुमचा जो कोणी देव असेल त्याच्यापुढे, त्या स्वेटरवाल्या बाबांना एकदा आठवा. आणि आठवाल तेव्हा त्यांना एवढं सांगा, की बाबा, तुम्ही काहीच विसरला नव्हता. आमचं सांगणं त्यांना खरं वाटलं नाही. तुमचं कदाचित वाटेल.